मेथड व्हॅलिडेशन आणि क्यूसीचा डेटा: या चुका टाळा

औषध तपासायची पद्धत भरवशाची आहे हे सिद्ध करणं म्हणजे मेथड व्हॅलिडेशन; क्यूसी म्हणजे औषधाची गुणवत्ता तपासणारी लॅब. लिनिअॅरिटीत, म्हणजे औषधाच्या प्रमाणात सिग्नल वाढतो का हे बघताना, आर-स्क्वेअर (बिंदू सरळ रेषेवर किती नीट बसतात त्याचा आकडा) ०.९९९ आला की बरेच जण निश्चिंत होतात. पण इंटरसेप्ट (औषध शून्य असताना रेषा दाखवते तो सिग्नल) मोठा असला तरी हा आकडा देखणाच येतो, आणि कमी कॉन्सन्ट्रेशनला रिझल्ट चुकतात. किमान ५ लेव्हल घ्या, इंटरसेप्ट आणि रेसिड्युअल प्लॉटही (प्रत्येक बिंदू रेषेपासून किती हटला त्याचा आलेख) बघा.

खरी गफलत होते स्पेसिफिसिटीत, म्हणजे मेथड फक्त औषधच मोजते का हे बघताना. ब्लँक (नुसतं द्रावक) आणि प्लासिबोत (औषध सोडून बाकीचे घटक) मुख्य पीकच्या, म्हणजे एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या आलेखातल्या औषधाच्या उंचवट्याच्या, जागी काही दिसलं नाही, की काम झालं असं धरतात. आम्ल, अल्कली, पेरॉक्साइड, उष्णता आणि प्रकाश यांचा मारा करून औषध विघटित केल्याशिवाय मेथड स्टॅबिलिटीसाठी चालेल असं म्हणू नका. समजा, अॅसे (औषधाचं मोजलेलं प्रमाण) १२ टक्क्यांनी उतरला आणि सगळ्या इम्प्युरिटी मिळून ४ टक्केच भरल्या. मग उरलेले ८ टक्के गेले कुठे? मुख्य पीकखाली दडले असतील, कॉलममध्ये अडकले असतील किंवा त्या वेव्हलेंथला नीट दिसत नसतील. पीक प्युरिटी (पीकमध्ये एकच पदार्थ आहे का याची स्पेक्ट्रमवरून तपासणी) पास झाली म्हणून हा प्रश्न सोडून देऊ नका; औषधासारखाच स्पेक्ट्रम असलेली इम्प्युरिटी तिच्यातून सहज निसटते.

रिकव्हरी (टाकलेल्या औषधापैकी मोजणीत परत मिळालेला भाग) सतत कमी येतेय? आधी फिल्टर तपासा. एकाच सॅम्पलचा एक भाग सेंट्रिफ्यूज करा, दुसरा फिल्टर करा, दोन्ही इंजेक्ट करा, म्हणजे यंत्रात सोडा. फक्त फिल्टर केलेल्याचा आकडा कमी आला तर औषध मेम्ब्रेनला चिकटतंय. सुरुवातीचे काही मिलिलिटर टाकून द्या, नाहीतर मेम्ब्रेन बदला. दोन्ही कमी आले तर एक्स्ट्रॅक्शन अपुरं असण्याची शक्यता जास्त.

डेटा इंटिग्रिटीत (डेटाच्या खरेपणात) मला सगळ्यात घातक वाटतं ते 'ट्रायल' इंजेक्शन. सिस्टीम तपासण्याच्या नावाखाली बॅचचं सॅम्पलच आधी चालवून बघायचं, आणि पास होईल असं दिसलं की अधिकृत सीक्वेन्स (इंजेक्शनांची मालिका) लावायचा. सिस्टीम तपासायला स्टँडर्ड (प्रमाण आधीच माहीत असलेला नमुना) असतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१८च्या मार्गदर्शनात हवा तो निकाल मिळेपर्यंत तपासत राहायला स्पष्ट मनाई केली आहे. नापास सॅम्पलची चौकशी करा. ती औषध घेणाऱ्या माणसासाठी असते.

मॅन्युअल इंटिग्रेशन (पीकची सीमा हाताने आखणं) कधीकधी लागतं. मात्र कारण लिहा आणि मूळ निकाल जपून ठेवा. सामायिक पासवर्ड तर नकोच.

रिव्ह्यू करताना प्रिंटआउटवर थांबू नका, सिस्टीममधला मूळ डेटा आणि ऑडिट ट्रेल (कोणी, केव्हा, काय केलं याची नोंद) उघडा. वजन ११:४० ला आणि त्याच सॅम्पलचं इंजेक्शन ११:३५ ला, अशी विसंगती तिथेच सापडते. ती घड्याळांची आहे की कामाची, हे कळायला हवं असेल तर बॅलन्स (वजनकाटा) आणि एचपीएलसीची वेळ जुळवून ठेवा आणि ती बदलण्याचा अधिकार अॅनालिस्टला देऊ नका.