घर पर्यटकांना देण्याआधी: रात्रींची वही आणि बाकीची तयारी

पहिल्यांदा एक वही घ्या, रात्री मोजायला. फोटो, पडदे, कुलपं हे सगळे करतातच, त्यावर मी वेळ घालवत नाही. घर ज्या शहरात आहे तिथे वर्षाला किती रात्री देता येतं, हे तिथल्या प्रशासनाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. लंडनमध्ये वेगळी नियोजन परवानगी न घेता अख्खं घर ९० रात्री देता येतं. जपानमध्ये २०१८ पासून लागू असलेल्या कायद्यात मर्यादा १८० दिवसांची आहे. ॲम्स्टरडॅमने २०१९ मध्ये ती ६० वरून ३० रात्रींवर आणली, आणि पॅरिसमध्ये राहतं घर १२० रात्री देता यायचं ते २०२५ पासून ९० वर आलं. म्हणजे शेजारच्या शहराचा आकडा चालत नाही, आणि आपल्याच शहराचा जुना आकडाही नाही. वर्ष कधी सुरू होतं तेही लिहा: लंडनमध्ये १ जानेवारीला, जपानमध्ये १ एप्रिलच्या दुपारी.

मग परवानग्या. भाडेकरू असाल तर मालकाची लेखी परवानगी हवी. सोसायटीत असाल तर नियम आणि सभांचे ठराव मागून वाचा. कुणीतरी जिन्यात ‘चालेल’ म्हटलं होतं, याला काही अर्थ नाही. विम्याची पॉलिसीही काढून बघा, कारण घरगुती विम्यात पैसे देऊन राहणारा पाहुणा बऱ्याचदा धरलेला नसतो.

प्रशासनाचा नोंदणी क्रमांक हातात आल्याशिवाय बुकिंगच्या साइटवर लिस्टिंग, म्हणजे घराची जाहिरात, टाकू नका. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून नोंदणी नसेल तर ३० दिवसांहून कमी मुक्कामाचं बुकिंग साइटला घेताच येत नाही. शिवाय तिथे यजमानाने स्वतः घरात राहायचं आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. रिकामा फ्लॅट देण्याचा बेत या नियमात बसतच नाही, आणि हे फर्निचर घेतल्यावर कळून उपयोग नाही.

आता पुन्हा रात्री. मर्यादा आली की साइट आपोआप कॅलेंडर बंद करते, यावर विसंबू नका. ती फक्त तिच्याकडून आलेल्या रात्री मोजते. दुसऱ्या साइटवरच्या, फोनवर थेट ठरलेल्या, ओळखीतल्या माणसाने पैसे देऊन घेतलेल्या, सगळ्या रात्री एकाच बेरजेत. मागच्या वेळी माझं इथेच चुकलं: दोन साइटच्या बेरजा वेगळ्या ठेवल्या, दोन्ही मर्यादेच्या आत होत्या, एकत्र केल्यावर बाहेर गेल्या. म्हणून पाहुणा गेला त्याच दिवशी लिहा, महिनाअखेरीला नाही. पुढची बुकिंगही त्याच बेरजेत धरा, कारण दिलेला शब्द मागे घेतला तर ऐनवेळी पाहुणा रस्त्यावर येतो. कोण मोजतंय, असं तर अजिबात समजू नका. युरोपीय संघाचा २०२४ चा नियम २० मे २०२६ पासून लागू होतो आणि त्यात साइट्सना मुक्कामांची माहिती प्रशासनाला द्यावी लागते. सगळ्या साइट्सची बेरीज तिकडे होणार, तर ती आपल्याकडे आधी झालेली हवी.

पाहुण्यांची नोंदवही वेगळी ठेवा. भारतात परदेशी पाहुणा आला की २४ तासांत अधिकाऱ्यांना ऑनलाइन कळवावं लागतं. जपानमध्ये दर दोन महिन्यांनी मुक्कामाचे दिवस आणि पाहुण्यांची संख्या कळवायची असते. पासपोर्ट चेक-इनच्या वेळीच पाहा, नंतर मागायला संकोच वाटतो.

धुराचा अलार्म आणि अग्निशामक लावाच. पाहुण्याला अंधारात दार सापडत नाही, घर त्याचं नसतं.

कर: साइट भरते की तुम्ही, हे लेखी विचारा. थेट बुकिंगचा बहुधा तुम्हालाच भरावा लागतो. कचऱ्याचे वार, पार्किंग, आवाजाची वेळ एका कागदावर लिहून दाराला लावा.

परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख नोंदवा. बार्सिलोनाने पर्यटक फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू न ठेवण्याचं जाहीर केलं आहे, तेव्हा परवाना किती वर्षं टिकणार हे बघूनच घरावर खर्च करा.