साइट उघडत नाही? आधी बघा बंद पडलीय की ब्लॉक केलीय

साइट अचानक उघडेनाशी झाली की राउटर बंद-चालू करत बसू नका, आधी वायफाय काढून मोबाइल डेटावर तीच साइट लावून बघा, कारण आपल्याकडे प्रत्येक इंटरनेट कंपनी आपापल्या पद्धतीने ब्लॉक करते, त्यामुळे दादरला घरी न उघडणारी साइट लोकलमध्ये फोनवर आरामात उघडू शकते.

बऱ्याचदा फक्त डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) अडवलेलं असतं, म्हणजे साइटचा पत्ताच चुकीचा सांगतात. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस असतं, तिथे गूगलचं नाहीतर क्लाउडफ्लेअरचं टाका. तरी नाही उघडली तर कंपनी बहुतेक कनेक्शन जोडतानाच साइटचं नाव वाचून तोडतेय, मग व्हीपीएन (तुमचं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत फिरवणारी सेवा) किंवा टॉर (तसंच काम करणारा फुकट ब्राउझर) वापरा.

फुकटातलं कुठलंही व्हीपीएन घेऊ नका प्लीज! तुम्ही कुठे कुठे जाता ते सगळं त्याला दिसतं, आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या आदेशात व्हीपीएनवाल्यांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवायची असं आहे.

लागणारी पानं आत्ताच पीडीएफ करून ठेवा. २०१४च्या डिसेंबरमध्ये गिटहब (कोड ठेवायची साइट), विमिओ (व्हिडिओची साइट) धरून ३२ साइट ब्लॉक झाल्या होत्या, कोडिंगवाल्यांची कामं अडली.

आणि कंपनीला ईमेल करून कुठल्या आदेशाने ब्लॉक केलं ते विचाराच. आयटी कायद्याच्या कलम ६९अ खालचे सरकारी ब्लॉकिंग आदेश गुप्त ठेवतात, मला हे अजिबात पटत नाही, पण कोर्टाचा आदेश असेल तर निदान केस नंबर मागता येतो. मेल आणि स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा.