संधिवात: सांध्याचं अस्तर शांत झालंय का, हे कसं तपासायचं आणि आठवड्याची गोळी कशी घ्यायची

गुडघा दुखला की आपल्याकडं निदान ठरलेलं असतं: वाटी घासली. साठीतल्या माणसाच्या बाबतीत ते बहुतेकदा खरंही निघतं. पण चाळिशीतल्या बाईची दोन्ही मनगटं आणि बोटांची मुळं सुजलीत, सकाळी भाकरी थापायला हात वळत नाही आणि हे सहा आठवड्यांहून जास्त चाललंय, तर तिथं घासण्याचा संबंध नाही. बिघडलंय ते सांध्याचं अस्तर, आणि पहिला संशय रुमॅटॉइड संधिवाताचा घ्यायचा, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते.

सांध्याच्या पिशवीला आतून एक पातळ अस्तर असतं. निरोगी सांध्यात ते पेशींच्या एक ते तीन थरांइतकंच. त्यात दोन जातींच्या पेशी: कचरा गिळणाऱ्या मॅक्रोफेज आणि वंगण तयार करणाऱ्या फायब्रोब्लास्ट. चांगल्या गुडघ्यात हे वंगण चमचाभरसुद्धा नसतं.

रुमॅटॉइडमध्ये हेच अस्तर दहा-दहा थरांचं होतं. मॅक्रोफेज टीएनएफ नावाचं रसायन सोडतात, त्यानं फायब्रोब्लास्ट चेकाळतात. मग वंगणाचं काम बाजूला राहतं आणि या पेशी कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, विरघळवणारी विकरं सोडायला लागतात. सोबत रँकल हा संदेशही पाठवतात, त्यातून हाड खाणाऱ्या पेशी तयार होतात. बांधावरची हरळी वावरात शिरावी तसं अस्तर कडेनं कूर्चेवर चढतं आणि हाडात घुसतं. या पेशी चिवटही फार. रुग्णाच्या सांध्यातल्या फायब्रोब्लास्ट माणसाच्या कूर्चेसोबत, प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांच्या शरीरात ठेवून पाहिल्या, तर तिथंही त्या कूर्चेत शिरल्या. चेतवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी शेजारी नसतानाही त्यांची खोड गेली नाही.

कूर्चेला ना वेदना पोचवणारी नस असते ना रक्तवाहिनी. ती झिजताना स्वतः दुखत नाही. म्हणून डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळीनं दुखणं थांबलं, याचा अर्थ आतलं खाणं थांबलं असा होत नाही.

तपासणी घरी अशी करा. उठल्यावर घड्याळ बघा आणि हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो ते कॅलेंडरवर लिहा. झिजेच्या दुखण्यात आखडलेपण साधारण अर्ध्या तासात जातं. अस्तर सुजलं असेल तर तासभर किंवा त्याहून जास्त राहतं. मग बोटांच्या मुळांचे चार सांधे दुसऱ्या हातानं दोन्ही कडांनी, हस्तांदोलनात दाबतो तितकेच दाबा. कळ आली तर संशय धरा. शेवटी एकेक सांधा दोन बोटांत धरून चाचपा. हाडासारखा टणक गाठाळ लागला तर बहुधा झीज, मळलेल्या कणकेसारखा मऊ दबला तर अस्तराची सूज. नखाजवळच्या सांध्यावरच्या गाठी सहसा झिजेच्याच असतात, रुमॅटॉइड ते सांधे बहुतेक सोडून देतो. पावसाळ्यात चिकुनगुनिया होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यातही सांधे असेच सुजतात.

रक्तात शरीरातली सूज दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी, तसंच या आजाराची खूण असलेली आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी ही प्रतिपिंडं बघतात. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून सुटलो असं समजू नका, रुमॅटॉइडच्या बऱ्याच रुग्णांत तो निगेटिव्हच असतो. जवळ संधिवाताचा तज्ज्ञ नसेल तर संभाजीनगरचं घाटी रुग्णालय किंवा अंबाजोगाई, लातूर, नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, तिथल्या मेडिसिन विभागाच्या ओपीडीत दाखवा.

मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. सुरुवात बहुधा 7.5 ते 15 मिलिग्रॅमनं होते, गरजेनुसार 25 पर्यंत वाढवतात, आणि हा आकडा डॉक्टरच ठरवतात. सगळ्यात घातक चूक म्हणजे ही गोळी रोज घेणं. त्यानं तोंड सोलून निघतं, रक्तपेशी घटतात, जीवही जातो. चिठ्ठीवर नुसतं '1 गोळी' असेल तर वार लिहूनच घ्या. आमच्या मते गावच्या आठवडी बाजाराचा दिवस सगळ्यात बरा, तो घरात कुणी विसरत नाही. फॉलिक अ‍ॅसिड 5 मिलिग्रॅम (दुष्परिणाम कमी करणारं जीवनसत्त्व) दुसऱ्या दिवशी. दोन्ही गोळ्या लहान, पिवळसर आणि एकसारख्या दिसू शकतात, म्हणून दोन वेगळ्या डब्यांत ठेवा आणि डब्यावर वार लिहा.

परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. 'पंधरा दिवस घेतली, काही फरक नाही' म्हणून सोडणारे पुष्कळ. सुरुवातीचे तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशी), एसजीपीटी (यकृत) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड) तपासायचं, नंतर दोन-तीन महिन्यांनी. दारू बंद. बिडी-सिगारेटही, ती हा आजार बळावते. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, गरोदरपणात ही गोळी अजिबात चालत नाही. लघवीच्या जळजळीवर कुणी को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक दिलं तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं सांगून औषध बदलून घ्या, ही जोडी धोक्याची आहे. ताप, तोंडात फोड किंवा कोरडा खोकला आणि दम, यांपैकी काहीही दिसलं तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता पुडीचं. बिननावाच्या पुडीनं दोन दिवसांत माणूस चालायला लागला, तर तिच्यात स्टेरॉइड असण्याचीच शक्यता जास्त. स्टेरॉइड औषध म्हणून वाईट नाही, मेथोट्रेक्सेट लागू पडेपर्यंत डॉक्टर स्वतःच थोडं देतात. पण पुडीत किती आहे ते कुणालाच ठाऊक नसतं आणि महिनोन्‌महिने घेतल्यावर साखर, रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात. अशी पुडी बरेच दिवस चालू असेल तर एकदम बंदही करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तोवर आटलेलं असतं. पुडी तशीच डॉक्टरांकडं घेऊन जा आणि ते सांगतील तसं कमी करत या.

तिसऱ्या महिन्याला कॅलेंडर सोबत न्या. सकाळचं आखडलेपण आणि मऊ सुजलेल्या सांध्यांची संख्या निम्म्यावरही आली नसेल, तर डोस वाढवायचा की दुसरं औषध जोडायचं हे त्याच भेटीत विचारा.