परतीचा प्रवास: एक थांबा त्याचा, एक माझा

कोकणातून परत निघालं की नवऱ्याला घराची ओढ लागते. चहाला थांबू म्हटलं तर 'पुढे बघू', आणि ते पुढे काही येत नाही. यंदा रत्नागिरीहून पुण्याला येताना असं केलं:

१. थांबे दोनच, पण निघायच्या आधी ठरवलेले. त्याचा साखरप्याला, माझा आंबा घाट चढल्यावर. दुसऱ्याच्या थांब्यावर घड्याळ बघायचं नाही.

२. थांबलो की गाडी चालवणारा बदलायचा.

३. खरी युक्ती ही. घाई असते ती घरी जाऊन सामान उपसायची. म्हणून किल्ल्या, चार्जर, ब्रश, उद्याचे ऑफिसचे कपडे एका पिशवीत, डिकीत सगळ्यात वर. रात्री तेवढीच उचलायची. बाकीचं (ओले टॉवेल सोडून!) सकाळी. जेवण वाटेतच, त्यामुळे कुकर लावायचा प्रश्न नाही. नऊला पोचलो काय नि अकराला काय.

घाटमाथ्यावर थर्मासमधला चहा आणि कागदात बांधलेली आंबापोळी, चांगला पाऊण तास बसलो.

फक्त घाट उजेडी चढा. धुकं उतरलं असेल तर तिथला थांबा सोडून द्या, वळणावर गाडी लावू नका.