मशीनला दोष देण्याआधी : लॅबमधल्या या चुका टाळा

"मॅडम, मशीन बिघडलंय."

गेली बावीस वर्षं मी हे वाक्य ऐकते आहे. मी बडोद्यात बायोकेमिस्ट्री शिकवते. डिझर्टेशन करणारी एम.एस्सी.ची मुलं, पीएच.डी.ची मुलं, थिसिसचे सॅम्पल घेऊन धावत येणारे एम.डी.चे डॉक्टर, सगळे शेवटी याच वाक्यावर येतात. मशीन उघडून बघावं तर बहुतेक वेळा ते ठणठणीत असतं. चूक आधीच होऊन गेलेली असते : बफर (पीएच, म्हणजे आम्लता, स्थिर धरणारं द्रावण) करताना, रक्त काढताना, वजन करताना. रीडिंगच्या आधी काय काय झालं याकडे कुणी बघत नाही, आणि लिहून तर कुणीच ठेवत नाही. त्याच चुका दरवर्षी नव्या हातांनी होताना बघून जीव तुटतो, म्हणून आज लिहायला बसले.

ट्रिसचा पीएच कुठल्या तापमानाला लावलात?

हा प्रश्न विचारला की समोरचा चेहरा कोरा होतो. पीएच म्हणजे पीएच, त्यात तापमान कुठून आलं? ट्रिस या रोजच्या वापरातल्या बफरच्या बाबतीत येतं, आणि चांगलंच येतं. तापमान एक अंश वाढलं की ट्रिसचा पीएच साधारण ०.०२८ ने उतरतो. आकडा किरकोळ वाटतो, पण २५ अंशांवर बरोबर ८.० लावलेला बफर फ्रिजमध्ये ४ अंशांवर ८.६ च्या आसपास जातो आणि ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ७.७ च्या आसपास येतो. बाटली तीच, लेबल तेच, आतला बफर मात्र निराळा.

काही वर्षांपूर्वीचा मे महिना होता. बाहेर त्रेचाळीस अंश, दुपारी दांडिया बाजारातून चालत यायची सोय नाही. माझ्याकडे एक मुलगी उंदराच्या मेंदूतल्या सोडियम-पोटॅशियम एटीपेजवर काम करत होती. हे एन्झाइम एटीपी (पेशीचं ऊर्जेचं रसायन) तोडतं, त्यातून फॉस्फेट सुटतं, आणि ते फॉस्फेट आपण निळ्या रंगावरून मोजतो. पद्धत १९२५ ची, फिस्के आणि आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांची. अजून तितकीच भरवशाची आहे. जे मोजायचं तेच बफरमध्ये नको, म्हणून इथे फॉस्फेट बफर चालत नाही आणि ट्रिस घ्यावाच लागतो.

जानेवारीत तिची रीडिंग देखणी आली होती. मे महिन्यात तीच अ‍ॅक्टिव्हिटी निम्म्यावर आली. तिने एटीपीची नवी बाटली मागवली. मग निळ्या रंगासाठी लागणारं मॉलिब्डेट नवं केलं. मग रंग मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरचा दिवा गेला असणार असं ठरवून इंजिनिअरला बोलावलं, त्याने दिवा नीट असल्याचं दाखवलं. मग उंदीर बदलले. पाच आठवडे गेले आणि काही उंदीर हकनाक गेले, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

एका सकाळी मी तिच्या शेजारी नुसती उभी राहिले. ती पीएच लावत होती. मीटरवर ७.४० आलं, तिने बीकर उचलून माझ्यासमोर धरला. बीकरच्या बाहेरून दव धरलेलं होतं, थेंब ओघळून तिच्या मनगटावर येत होते.

"पाणी कुठलं घेतलंस?"

"फ्रिजमधलं, मॅडम. टिश्यू वाटायला थंड बफर लागतो ना, मग म्हटलं सगळाच एकदम थंड करून ठेवू. उन्हाळ्यात टिकतोही."

झालं. सहा अंशांवर ७.४ लावलेला ट्रिस तिने ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये घातला होता. मधले एकतीस अंश गुणिले ०.०२८, म्हणजे जवळजवळ ०.९. एन्झाइम साडेसहाच्या पीएचमध्ये काम करत होतं, आणि तिथे ट्रिसला बफर म्हणायलाही फारसा अर्थ उरत नाही, कारण सातच्या खाली त्याची धरून ठेवायची ताकदच संपते. जानेवारीत ती टेबलावरच्या बाटलीतलं पाणी घेत होती, म्हणून फरक कमी पडला होता. बरोबर तेव्हाही नव्हतंच.

तिने मला विचारलं, "पण मीटरला तापमानाचा प्रोब आहे, तो भरून काढतो ना?" हा गैरसमज मुरलेल्या माणसांतही दिसतो. तो प्रोब इलेक्ट्रोडच्या प्रतिसादात तापमानामुळे पडणारा फरक भरून काढतो. या क्षणी, या तापमानाला बीकरमध्ये जो पीएच आहे तो तुम्हाला खरा कळतो, एवढंच. तोच बफर तापल्यावर कुठे जाईल हे मीटर सांगत नाही.

माझी सवय सांगते. ज्या तापमानाला प्रयोग, त्या तापमानाला पीएच. बीकर वॉटर बाथमध्ये ठेवायचा, थर्मामीटर आत बुडवायचा, पारा स्थिरावला की मग अ‍ॅसिड थेंबाथेंबाने. मीटरचं कॅलिब्रेशनही त्याच तापमानाला. टिश्यू वाटायचा बफर वेगळा आणि प्रत्यक्ष मोजणीचा वेगळा, दोन बाटल्या. बाटलीवर "ट्रिस ७.४" एवढंच लिहिलेलं दिसलं तर मी ती बाटली सरळ सिंकमध्ये ओतते, मुलांना राग आला तरी. "ट्रिस ७.४, ३७ अंशांवर", तारीख आणि करणाऱ्याची आद्याक्षरं, एवढं हवंच. चालत असेल तिथे फॉस्फेट वापरा, तो तापमानाला ट्रिसच्या एक दशांशच हलतो. हेपेस हा आणखी एक बफर दोघांच्या मधे येतो.

यात वेळ जातो, मान्य. पण "आत्ता चालवून घेऊ, नंतर बघू" म्हणणाऱ्यांचा किती वेळ गेला ते मी मोजलेलं आहे. पाच आठवडे.

रक्त ट्यूबमध्ये गेलं तरी जिवंत असतं

ही दुसरी चूक डॉक्टर मंडळींची. राग मानू नये, मला त्यांच्याविषयी आदर आहे. ओपीडी, वॉर्ड आणि रात्रपाळी करून ते थिसिस करतात. पण सॅम्पल हा त्यांना शेवटचा आणि सोपा भाग वाटतो.

एक तरुण डॉक्टर पादऱ्याकडच्या एका गावात शिबिर घेऊन उपाशीपोटीच्या साखरेचा अभ्यास करत होते. सकाळी सातला रक्त काढायचं, साध्या ट्यूबमध्ये भरायचं, ट्यूब पिशवीत, पिशवी गाडीत. शिबिर आवरून, चहा घेऊन लॅबमध्ये यायला अकरा वाजत. दोन फेऱ्या झाल्यावर ते माझ्याकडे आले. "मॅडम, तुमचा अ‍ॅनालायझर कमी दाखवतोय. गोळ्या चालू असलेले पेशंटसुद्धा नॉर्मल येताहेत."

मी कंट्रोल सीरम (ज्याचा आकडा आधीच माहीत असतो ते) लावून दाखवलं, आकडा जिथे हवा तिथे आला. मग ट्यूब हातात घेतली. खाली लाल गोळा, वर पिवळं सीरम, दोन्ही चार तास एकमेकांना लागून. लाल पेशींना कुणी सांगितलेलं नसतं की आता शरीराबाहेर आलात, जेवण थांबवा. त्या साखर खातच राहतात. साध्या खोलीच्या तापमानाला, पेशी वेगळ्या न केलेल्या रक्तातली साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्के उतरते. तापलेल्या गाडीत त्याहून जास्त. आता हिशेब करा. उपाशीपोटी १२६ म्हणजे मधुमेहाची रेघ. त्या रेघेवरचा माणूस चार तासांनी १०० च्या खाली, म्हणजे निरोगी म्हणून नोंदला जातो. हा आकडा नुसता थिसिसमध्ये जात नाही. गावात त्या माणसाला कुणीतरी सांगतं, "तुम्हाला काही नाही."

त्यांनी लगेच राखाडी टोपणाच्या फ्लोराइड ट्यूब आणल्या. बरं झालं, पण तेवढ्यानेही भागत नाही. फ्लोराइड ज्या एन्झाइमला अडवतं ते साखर तुटण्याच्या वाटेवर बरंच पुढे आहे. वाटेच्या तोंडाशी साखर आत घेणं तास-दोन तास चालूच राहतं. म्हणून ट्यूब काढल्या काढल्या बर्फ-पाण्यात, आणि अर्ध्या तासात सेंट्रीफ्यूज, म्हणजे गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणं. शिबिरात एक छोटं सेंट्रीफ्यूज आणि शाळेतला एक प्लग पुरतो. त्यांनी पुढच्या फेऱ्या तशा केल्या, आधीच्या दोन्ही फेऱ्यांचे आकडे टाकून दिले आणि गावात परत जाऊन त्या लोकांचं रक्त पुन्हा तपासलं. त्या परत जाण्याचं मला फार कौतुक वाटतं.

जाता जाता : जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं रक्त कमी पडलं म्हणून साध्या ट्यूबमध्ये ओतू नका. त्या जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं पोटॅशियमचं ईडीटीए असतं. पोटॅशियम उगाच वर जातं, कॅल्शियम खाली, आणि पेशंटची धावपळ होते ती वेगळीच.

तीन वेल म्हणजे तीन उंदीर नव्हेत

एका उंदराचं सीरम प्लेटच्या तीन वेलमध्ये (खळग्यांमध्ये) घातलं आणि खाली "एन बरोबर तीन", म्हणजे तीन नमुने, असं लिहिलं. असं लिहिलेले प्रबंध मी परत पाठवलेले आहेत. तीन वेलनी तुमचा हात किती स्थिर आहे ते कळतं, उंदीर एकमेकांपासून किती वेगळे आहेत ते नाही कळत. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये परिस्थितिविज्ञानातल्या प्रयोगांची झाडाझडती घेतली आणि या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन (खोटी पुनरावृत्ती) हे नाव मिळालं. चाळीस वर्षांनी ती जिथल्या तिथे आहे.

आणि किती उंदीर, किती पेशंट हे आधी विचारा. संख्याशास्त्रज्ञ फिशर १९३८ मध्ये कलकत्त्याला भाषण करून गेले, त्यात त्यांनी म्हटलं होतं की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे शवविच्छेदन करून मागणं. प्रयोग कशाने मेला तेवढं तो सांगेल. माझ्याकडे मुलं थिसिस जमा करायच्या आदल्या आठवड्यात येतात आणि म्हणतात, "पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आणून देणारी कुठली टेस्ट आहे?" अशी टेस्ट मी कुणाला सांगत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

सेंट्रीफ्यूज करताना दुसऱ्या लॅबचा प्रोटोकॉल आरपीएमवर (मिनिटाला किती फेरे) चालवू नका. १०,००० आरपीएमला ८ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर सुमारे ८,९०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या इतके पट जोर) मिळतात आणि ६ सेंटिमीटरच्या रोटरवर ६,७००. वहीत आरपीएम नव्हे, जी लिहा.

चार दशांशांच्या काट्यावर वजन करताना पंखा बंद करा. उकडतं, ठाऊक आहे.

कॅनमध्ये आठवडाभर उघडं राहिलेलं डिस्टिल्ड पाणी न्यूट्रल नसतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून त्याचा पीएच साडेपाच-पावणेसहावर येतो.

ट्यूबवर साध्या मार्करने नाव लिहून वर स्पिरिट फवारलं की सगळ्या ट्यूब अनाथ.

जीन्सची (जनुकांची) यादी एक्सेलमध्ये उघडण्याआधी कॉलम टेक्स्ट करा. सेप्ट-२ नावाच्या जीनचं एक्सेल "२ सप्टेंबर" करून टाकतं. २०१६ च्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जीन्सची यादी जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात अशा चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये माणसांनी जीन्सचीच नावं बदलली, पण जुन्या फायली अजून फिरताहेत.

मित्राकडून आणलेल्या सेल लाईनची (लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींची) मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूसाठी तपासणी झाल्याशिवाय ती आमच्या इनक्युबेटरमध्ये जात नाही. साध्या मायक्रोस्कोपखाली तो दिसत नाही, आणि त्याला पेशीभित्तिकाच नसल्याने पेनिसिलिनचा उपयोग नाही. नवरात्राच्या नऊ रात्री बडोद्यात कुणी लॅबमध्ये थांबणार नाही हे मी धरून चालते, माझीही मुलगी गरब्याला जाते. म्हणून घटस्थापनेच्या आत पेशी गोठवून ठेवा. दसऱ्याला पिवळा पडलेला फ्लास्क घेऊन माझ्याकडे येऊ नका.

क्लिनिकल ट्रायल असेल, अगदी एम.डी.च्या थिसिसची असली तरी, पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, नोंदणी करा. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी करून घेत नाहीत. एथिक्स कमिटीचंही तेच, आधी परवानगी, मग सुई.

वही

ट्रिसच्या प्रकरणात मी त्या मुलीच्या वहीची मे महिन्याची सगळी पानं चाळली. सुबक अक्षर, रोजची तारीख, ग्रॅम बरोबर, मिलिलिटर बरोबर. पाणी कुठलं आणि किती अंशांचं, हे एकाही पानावर नव्हतं. असतं तर पहिल्याच आठवड्यात सापडलं असतं. सुट्या कागदावर टिपून संध्याकाळी वहीत उतरवायची पद्धत तर मला अजिबात मान्य नाही. संध्याकाळपर्यंत डोकं आकडे नीटनेटके करून ठेवतं. टेबलावर वही उघडी हवी, डाग पडले तर पडू देत.

आता माझ्याकडे प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात चार गोष्टी लिहिल्याशिवाय कुणी पिपेट उचलत नाही : खोलीचं तापमान, पाणी कुठलं, बफर कुणी आणि कधी केला, सॅम्पल शरीराबाहेर येऊन किती वेळ झाला. आणि महिन्याच्या एक तारखेला पिपेटची परीक्षा. १००० मायक्रोलिटरवर लावून दहा वेळा पाणी काट्यावर सोडायचं. २५ अंशांना प्रत्येक वेळी ०.९९७ ग्रॅमच्या जवळपास आलं पाहिजे. जे पिपेट भरकटतं त्याला लाल चिकटपट्टी, आणि दुरुस्त होऊन येईपर्यंत ते माझ्या कपाटात.