ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करताय? आधी उष्णता, मग वेग

बहुतेक जण ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे कार्ड ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची, सुरुवात उलट्या टोकाकडून करतात. कार्डाची सेटिंग बदलणारं आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर उघडायचं, कोअर क्लॉकची (मुख्य चिपच्या वेगाची) पट्टी उजवीकडे ढकलायची आणि काय होतं ते बघायचं. पण हल्लीची कार्डं स्वतःच स्वतःचा वेग वाढवत असतात. तापमान, वीज आणि व्होल्टेज यांत जितकी जागा शिल्लक असेल तितका क्लॉक ती आपणहून वर नेतात. कार्ड तापू लागलं की तोच क्लॉक छोट्या पायऱ्यांनी खाली येतो. एनव्हिडियाच्या बऱ्याच कार्डांत ही पायरी १५ मेगाहर्ट्झची असते. म्हणून कार्ड नुसतं थंड ठेवलं तरी पट्टीला हात न लावता थोडा वेग पदरात पडतो. कामाचा क्रम त्यामुळे असा ठेवा: मोजमाप, हवा, व्होल्टेज आणि सगळ्यात शेवटी क्लॉक.

आधी मोजून घ्या

एचडब्ल्यूइन्फो हे मोजमाप दाखवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवून एखादा जड गेम किंवा बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) सलग २० ते ३० मिनिटं चालवा. पाच मिनिटांचा आकडा फसवा असतो, कारण हीटसिंक आणि कॅबिनेटमधली हवा पुरती तापायला वेळ लागतो. कोअरचं तापमान, हॉटस्पॉट (चिपचा सर्वांत तापलेला बिंदू), मेमरी जंक्शन (मेमरी चिपच्या आतलं तापमान), पंख्याचा वेग, वॅट, क्लॉक आणि बेंचमार्कचा स्कोअर लिहून ठेवा. खोलीचं तापमानही लिहा. त्याशिवाय पुढची तुलना निरर्थक ठरते.

कोअर ७५ ते ८० अंशांच्या आत असेल तर निवांत राहा. एनव्हिडियाची अनेक कार्डं ८३ अंशांच्या आसपास स्वतःला आवर घालू लागतात. एएमडीच्या बऱ्याच कार्डांची हॉटस्पॉटची मर्यादा ११० अंश आहे, पण तिथवर जाऊ देऊ नका; ९५च्या खाली ठेवलेलं बरं. एनव्हिडियाच्या काही कार्डांतली जीडीडीआर६एक्स प्रकारची मेमरी ११० अंशांना गती कमी करते, तिलाही शंभरीच्या आत ठेवा. एनव्हिडियाच्या ५० मालिकेत हॉटस्पॉटचा आकडा दाखवलाच जात नाही, तिथे कोअर आणि मेमरी यांवरच भिस्त.

कोअर आणि हॉटस्पॉट यांत १० ते १५ अंशांचा फरक नेहमीचा. तो २५-३०च्या पुढे गेला तर थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंक यांमधला उष्णता वाहून नेणारा लेप) सुकली आहे, चिपच्या कडांकडे सरकली आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही. असं कार्ड ओव्हरक्लॉक करू नका, आधी दुरुस्त करा. पेस्ट बदलताना जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, स्क्रू तिरपे-समोरासमोर थोडेथोडे आवळा आणि मेमरीवरचे थर्मल पॅड मूळ जाडीचेच वापरा. पॅड अर्धा मिलिमीटर जास्त जाड निघाला तर हीटसिंक चिपवर टेकतच नाही. मेमरी थंड आणि कोअर भट्टी, असा उफराटा प्रकार होतो. कार्ड उघडण्यापूर्वी वॉरंटीच्या अटी वाचा.

हवा आणि पंखे

कॅबिनेटची बाजूची काच काढून तीच चाचणी पुन्हा करा. तापमान पाच अंशांहून जास्त उतरलं तर दोष कार्डाचा नाही, हवा कोंडते आहे. पुढून आत आणि मागून-वरून बाहेर अशी वाट मोकळी करा, धुळीच्या जाळ्या धुवा. कार्डावर हवेचा फवारा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भरमसाट वेगाने फिरून बेअरिंगची वाट लागते.

मग फॅन कर्व्ह, म्हणजे कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरावा याचा आलेख. सुरुवातीला ५० अंशांना ४० टक्के, ६५ला ५५, ७५ला ७५ आणि ८५ला १०० टक्के असा ठेवा, नंतर आपल्या कानांना सोसेल तसा बदला. आफ्टरबर्नरमधला हिस्टेरेसिस (तापमान किती उतरल्यावर पंखा मंदावायचा तो आकडा) ३ अंशांवर ठेवला की पंखे दर मिनिटाला वर-खाली होत नाहीत. हलक्या कामात पंखे थांबण्याची सोय कार्डात असेल, तर ती बंद करायची गरज नाही.

व्होल्टेज कमी करणं: खरा फायदा इथे

चिप वापरते ती वीज ढोबळमानाने क्लॉकच्या पटीत, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.०५ व्होल्टऐवजी ०.९५ व्होल्टवर तोच क्लॉक टिकला तर चिपच्या त्या भागाची वीज सुमारे १८ टक्क्यांनी घटते. कारखान्यातून प्रत्येक चिपला सढळ हाताने व्होल्टेज दिलेलं असतं, कारण त्या मॉडेलची सगळ्यात कमकुवत चिपही चालली पाहिजे. तुमची चिप त्याहून बरी असण्याची शक्यता मोठी आहे.

एनव्हिडिया कार्डासाठी आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून व्होल्टेज-क्लॉकचा आलेख उघडा. कोअरची पट्टी आधी २०० ते २५० मेगाहर्ट्झ खाली नेऊन आलेख सगळाच उतरवा. मग ९५० मिलिव्होल्टचा बिंदू धरून, मोजमापात दिसलेल्या क्लॉकपर्यंत वर ओढा आणि 'अप्लाय' करा. त्या बिंदूच्या उजवीकडची रेघ सपाट झाली पाहिजे. ती कुठेही वर चढत असेल तर कार्ड तिथलं जास्त व्होल्टेज उचलेल आणि सगळी मेहनत पाण्यात. हे स्थिर राहिलं तर एकेक पायरीने ९२५कडे या, बिघडलं तर ९७५वर जा.

एएमडीमध्ये अ‍ॅड्रेनलिन या त्यांच्याच सॉफ्टवेअरच्या ट्यूनिंग पानावर व्होल्टेजची पट्टी आहे. ती १० ते २० मिलिव्होल्टच्या पायरीने खाली आणा. ही कार्डं बहुधा वीजमर्यादेला अडलेली असल्यामुळे व्होल्टेज उतरवलं की क्लॉक आपोआप चढतो.

पुष्कळांचं काम इथेच संपतं, आणि संपावं. लॅपटॉपवाल्यांनी तर इथेच थांबावं. तिथे कार्ड आणि प्रोसेसर बहुधा एकाच शीतक यंत्रणेवर जगतात.

क्लॉक वाढवताना

पॉवर लिमिट (वीजमर्यादा) वाढवण्याआधी केबल तपासा. ८ पिनांचा एक कनेक्टर १५० वॅटसाठी, मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅटसाठी. दोन कनेक्टर असतील तर पॉवर सप्लायपासून दोन स्वतंत्र केबल आणा, एकाच केबलची दोन शेपटं जोडू नका. १२ अधिक ४ पिनांचा नवा कनेक्टर टोकापर्यंत आत गेलाय हे डोळ्यांनी बघा आणि तोंडाशीच केबल वाकवू नका. अर्धवट बसलेला कनेक्टर वितळू शकतो.

कोअरला आधी ५० मेगाहर्ट्झ द्या, मग १५-१५च्या पायऱ्यांनी वर जा. प्रत्येक पायरीला दहा मिनिटं जड भार. मेमरीला या काळात हात लावू नका. दोन्ही एकदम वाढवलं तर चूक कुणाची ते कळत नाही. स्क्रीन काळी होऊन परत आली किंवा गेम बंद पडला तर ड्रायव्हरने हात टेकले असं समजा; विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) ४१०१ क्रमांकाची नोंद बहुतेक वेळा सापडते. संगणक रीस्टार्ट करा, कारण अशा धक्क्यानंतर क्लॉक कधीकधी खालीच अडकून राहतो. मग ३० ते ४५ मेगाहर्ट्झ मागे या.

एक गोष्ट नवख्यांना चकवते: जड चाचणी तासभर पार पडते आणि एखाद्या साध्या गेमच्या मेन्यूत कार्ड कोसळतं. जड भाराखाली वीजमर्यादा क्लॉकला दाबून ठेवते. हलक्या भारात ती मर्यादा लागत नाही, म्हणून क्लॉक सर्वांत उंच तिथे जातो. चाचणीत जड गेम, हलका गेम आणि रे-ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचं गणित करून चित्र काढण्याची पद्धत) वापरणारा गेम हे तिन्ही हवेत. फरमार्क या ताण-चाचणीवर विसंबू नका. तो प्रचंड वीज ओढतो, कार्ड क्लॉक पाडून टाकतं आणि वाढवलेल्या क्लॉकची परीक्षा होतच नाही.

मेमरीची गंमत निराळी. १०० मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी वाढवा, पण प्रत्येक पायरीला स्कोअर बघा. नव्या मेमरीत चुका ओळखून माहिती पुन्हा पाठवण्याची सोय असते. त्यामुळे मर्यादा ओलांडली तरी काही कोसळत नाही, फक्त स्कोअर वाढायचा थांबून घसरायला लागतो. घसरण दिसली की दोन पायऱ्या मागे या. पडद्यावर ठिपके, रंगीत चौकोन किंवा लुकलुकणारे त्रिकोण दिसले तर बरंच पुढे गेला आहात.

कोअर व्होल्टेजची पट्टी मात्र आहे तिथेच राहू द्या. एनव्हिडियाच्या कार्डांत ती आलेखाच्या वरच्या टोकाचे एखाद-दोन बिंदूच मोकळे करते. उष्णता लगेच वाढते, फ्रेम जेमतेम.

पक्कं करण्याआधी

थ्रीडीमार्क या बेंचमार्क सॉफ्टवेअरची स्ट्रेस चाचणी २० फेऱ्या चालवते. ९७ टक्के स्थिरता मिळाली तर ती उत्तीर्ण समजते. त्यानंतर आठवडाभर नेहमीचा वापर करा आणि मगच सेटिंग विंडोजबरोबर आपोआप लागू होऊ द्या. हे बदल कार्डात कायमचे लिहिले जात नाहीत. त्यामुळे तोवर काही बिघडलं तरी रीस्टार्टने मूळ स्थिती परत येते. उलट अस्थिर सेटिंग आपोआप लागू होत असेल, तर सेफ मोडमध्ये जाऊन आफ्टरबर्नर काढावा लागतो.

थंडीत बसवलेलं गणित उन्हाळ्यात चुकतं. खोली १० अंशांनी तापली तर त्याच पंख्यांवर कार्डही साधारण तेवढंच वर जातं. दोन प्रोफाइल जपून ठेवा: एक थंडीचं, दुसरं २०-३० मेगाहर्ट्झ खालचं आणि पंखे थोडे तेज असलेलं. नवा ड्रायव्हर टाकला की चाचणी पुन्हा एकदा करा.