रुई किती, सरकी किती: डॉट-कॉम काळातल्या कंपन्यांचे कागद कसे वाचावेत

कापसाचा भाव लावणारा बंडीत कोपरापर्यंत हात घालतो, वरच्या पांढऱ्याशुभ्र थराला भुलत नाही. १९९५ ते २००० मधल्या इंटरनेट कंपन्यांनी स्वतःबद्दल जे लिहिलं, ते वाचतानाही हात असाच आत घालावा लागतो. गावच्या अभ्यासिकेत बसून, मोबाइलवर, हे फुकट जमतं.

अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाचं 'एडगर' हे कंपन्यांच्या कागदांचं संकेतस्थळ उघडा आणि कंपनीच्या नावानेच शोधा. मजकुरातला शब्द टाकून शोधायची सोय २००१ पासूनच्या कागदांपुरतीच आहे. १९९७ चं काही सापडत नाही म्हणून बरेच जण इथेच सोडून देतात. शेअर विक्रीचा पहिला मसुदा म्हणजे एस-१. तो पुढे बदलतो, म्हणून ४२४बी, म्हणजे विक्रीचा शेवटचा पक्का कागद, घ्या. जुने कागद साध्या टेक्स्ट फाइली आहेत, रेंजची एक काडी असली तरी उघडतात. तक्ते मात्र विस्कटतात, फोन आडवा धरा.

पहिली पानं सोडा, थेट 'रिस्क फॅक्टर्स', म्हणजे धोक्यांचा भाग, गाठा. धोका लपवला तर गुंतवणूकदार कोर्टात खेचतात, त्यामुळे इथे वकिलाची भाषा असते, जाहिरातवाल्याची नाही. ॲमेझॉनचंच घ्या. मे १९९७ मध्ये शेअर विकताना मिरवणं होतं 'पृथ्वीवरचं सर्वांत मोठं पुस्तकाचं दुकान'. त्याच कागदात आत लिहिलंय: निम्म्याहून जास्त माल इंग्रम या एकाच घाऊक व्यापाऱ्याकडून येतो, आणि पुढेही मोठा तोटा होत राहील. तक्त्यात १९९६ ची विक्री १५,७४६ आणि तोटा ५,७७७ दिसेल. हे आकडे हजार डॉलरमध्ये आहेत. ते तक्त्याच्या डोक्यावर बारीक कंसात लिहिलेलं असतं आणि हमखास सुटतं. मग दीड कोटी डॉलरची कंपनी किराणा दुकानाएवढी वाटू लागते.

'हिट्स' दिसले की थांबा. चौदा चित्रांचं एक पान एकदा उघडलं की सर्व्हरवर पंधरा हिट्स पडतात: पान एक, चित्रं चौदा. एका बंडीतली पंधरा पोती मोजून पंधरा शेतकरी आले म्हणावं, तसं. 'पेज व्ह्यूज', म्हणजे पान किती वेळा उघडलं, ते थोडे बरे, पण माणसं तेही मोजत नाहीत. पैसे देऊन गेलेलं गिऱ्हाईक किती, तेवढंच शोधा.

मग जाहिरात खर्चाला विक्रीने भागा. पाळीव प्राण्यांचं सामान इंटरनेटवर विकणाऱ्या पेट्स डॉट कॉमने फेब्रुवारी ते सप्टेंबर १९९९ मध्ये ६ लाख १९ हजार डॉलरची विक्री केली आणि जाहिरातीवर १ कोटी १८ लाख उडवले. म्हणजे डॉलरच्या विक्रीमागे १९ डॉलर. नोव्हेंबर २००० मध्ये कुलूप लागलं. तोट्यात तर ॲमेझॉनही होती, म्हणून एका वर्षाच्या भागाकारावर निकाल देऊ नका. पुढच्या दोन वर्षांचे १०-के, म्हणजे वार्षिक अहवाल, काढून तोच भागाकार पुन्हा करा. नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात गेलेली भारतीय कंपनी असेल तर अहवाल बहुधा २०-एफ नावाखाली सापडेल.